आज्ञेआधीचा प्रश्न

कार्यालयातील संगणकावर आपण आपले नाव व परवलीचा शब्द भरतो, तेव्हा पडद्यामागे एक छोटी आज्ञावली चालते. तिला लॉगिन स्क्रिप्ट म्हणतात. सामायिक फोल्डर जोडणे, प्रिंटर ठरवणे ही कामे ती मुकाट्याने करते. प्रशासनाच्या भाषेत ते एक परिपत्रकच. फरक एवढाच, की त्याची अंमलबजावणी तत्काळ होते आणि कोणी हरकत घेत नाही.

दिल्लीतील एका कार्यालयात हाच गुण अंगाशी आला. टेबलावरील संगणकांसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये, नवी व्यवस्था लागू नसल्यास ती लावून यंत्र पुन्हा सुरू करावे, अशी ओळ होती. एका तंत्रज्ञाने देखभालीसाठी सर्व्हरवर लॉगिन केले. स्क्रिप्ट तिथेही चालली, भर कामाच्या वेळी सर्व्हर बंद पडला आणि वेतनदेयके दुपारभर खोळंबली. लॉगिन स्क्रिप्ट माणसाच्या नावाशी बांधलेली असते. तो ज्या यंत्रावर बसेल तिथे ती चालते. आदेश व्यक्तीला, परिणाम मात्र यंत्रावर.

मग यंत्र ओळखावे कसे? आवृत्तीचा क्रमांक उपयोगाचा नाही. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ या दोहोंचा अंतर्गत क्रमांक ६.१, विंडोज १०, विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ या तिघांचाही १०.०. यात नवल नाही. विंडोज एनटी ४.० च्या वर्कस्टेशन आणि सर्व्हर या आवृत्त्यांचा गाभा एकच असून रजिस्ट्रीतील नोंदीवरून तो आपले वागणे ठरवतो, हे १९९६ सालीच उघड झाले होते. किमती मात्र वेगळ्या होत्या. अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला किंमतभेद म्हणेल.

खरे उत्तर प्रॉडक्ट-टाइप या नोंदीत मिळते. तिथे १ म्हणजे टेबलावरचा संगणक, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर, ३ म्हणजे इतर सर्व्हर. स्क्रिप्टने आधी ही नोंद वाचावी आणि उत्तर १ नसेल, किंवा उत्तरच मिळाले नाही, तर काहीही न करता थांबावे. एवढ्या एका अटीने ती दुपार वाचली असती.

तरीही ही नोंद यंत्राची जात सांगते, काम सांगत नाही. अनेक कार्यालयांत कोपऱ्यातल्या साध्या संगणकावर सगळ्या शाखेच्या फायली असतात आणि त्यावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. त्याची नोंद १ च येणार.

दिल्लीहून पानिपतजवळच्या काला अंबला गेलो की हाच विचार मनात येतो. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचे ते स्मारक. सदाशिवरावभाऊंच्या छावणीत लढवय्यांसोबत यात्रेकरू, बायकामुले, व्यापारी व सेवक असा बिनलढाऊ समुदाय फार मोठा होता. रसद तुटल्यावर धान्य सर्वांनाच लागत होते; तलवार धरणारे त्यातले काहीच. पराभवाची कारणे अनेक आहेत, परंतु छावणीत किती माणसे आहेत आणि किती लढणारी आहेत, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे तिथे प्रकर्षाने जाणवते. कूच करण्याचा हुकूम सैनिकाला आणि यात्रेकरूला सारखाच लागू पडत नाही.

आपली परिपत्रके पुष्कळदा ‘सर्व कार्यालयांना’ उद्देशून निघतात. जिल्ह्याचे मुख्यालय आणि दोन कर्मचाऱ्यांचे उपकार्यालय यांना एकच नमुना, एकच मुदत. आदेश लिहिणाऱ्याने, हा कोणावर चालणार आणि तिथे कोणते काम चालते, हे आधी विचारले तर नंतरची अर्धी शुद्धिपत्रके वाचतील.

आरंभ म्हणून आपल्या कार्यालयात ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावलेल्या यंत्रांची यादी कोणाकडे आहे, एवढे तरी उद्या विचारून पाहावे.