भिंतीमागची खडी

देवगड तालुक्यात आमचं घर सड्याच्या उतारावर आहे. वर जांभ्याचा उघडा कातळ, खाली व्हाळ, आणि मधल्या उतारात टप्पे कापून बसवलेली घरं, खळी, कलमांच्या बागा. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सड्यावर माती जवळजवळ नाहीच. त्यामुळे वर पडलेलं पाणी थोडं कातळावरून वाहत येतं, थोडं कातळाच्या भोकाभोकांतून मुरत येतं. दोन्ही पाण्यांना पहिलं आडवं येतं ते आमचं परडं.

निवृत्तीनंतर मी आणि हे डोंबिवली सोडून कायमचे गावी आलो, तेव्हा परड्यामागची दरड अडवणारी भिंत पडलेली होती. आम्ही येण्याच्या काही वर्षं आधी ती एका ठेकेदाराने बांधली होती. जुलैच्या पावसात तिने मधोमध पोट काढलं आणि एका रात्री ती आडवी झाली. नशिबाने घर थोडं लांब होतं.

ढिगारा उपसायला माणसं लावली आणि मी तिथेच उभी राहिले, कारण भिंत का पडली हे कळल्याशिवाय नवी बांधायची नव्हती. जांभ्याचे चिरे शाबूत होते. सिमेंट चांगलं होतं, इतकं की दोन चिऱ्यांमधला सांधा घणाने फोडावा लागत होता. पण भिंतीच्या पाठीला चिरेखाणीवरची भुकटी भरलेली होती. ती फुकट मिळते, म्हणून भरावाला सर्रास वापरतात. कोरडी असताना छान बसते, भिजली की तिचा चिखल होतो आणि पाणी धरून ठेवते. भिंतीत पाणी बाहेर पडायला एकही नळी नव्हती. पायाचा चर खणला होता तो पांढरट गुलाबी चिकण मातीत. थोडक्यात, लोकांना दिसतं ते सगळं उत्तम आणि न दिसणारं सगळं कच्चं.

2019 साली 29 जूनला पुण्यात कोंढव्याला इमारतीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, पंधरा माणसं गेली. दोन-तीन दिवसांतच, 2 जुलैच्या पहाटेआधी, मालाडला आणखी एक भिंत वस्तीवर पडली आणि वीसहून जास्त माणसं मेली. तेव्हा आम्ही डोंबिवलीतच होतो. त्या बातम्या वाचताना मला भिंत म्हणजे वीट आणि सिमेंट एवढंच कळत होतं. इथे परड्यात उभं राहिल्यावर लक्षात आलं की असल्या भिंती पावसाच्या जोरातच का पडतात.

वाडीत एक आबा आहेत. आयुष्यभर त्यांनी गडगे घातले, म्हणजे सिमेंट-चुना काही न वापरता नुसते दगड रचून केलेल्या भिंती. आता वयामुळे दगड उचलवत नाही, पण नजर तशीच आहे. त्यांना बोलावलं. त्यांनी पडलेल्या भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. काठी टेकत सरळ वर सड्याकडे चढले, इकडे तिकडे फिरले आणि खाली येऊन म्हणाले, “बाय, भितीचा मगे बघूया. पाणी खंयसून येता ता आधी बघ.”

वरून येणारं पाणी दोन ठिकाणी जमत होतं. म्हणून पहिलं काम भिंतीचं झालंच नाही. दरडीच्या डोक्यावर, काठापासून मागे, एक आडवा चर खणला आणि तो व्हाळाकडे वळवला. वरून वाहणारं पाणी तिथेच बाजूला गेलं. उरलं ते जमिनीतून मुरणारं.

मुलगा पुण्याला सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याने फोनवर हिशेब समजावला आणि मी तो वहीत लिहून ठेवला, कारण आबांच्या म्हणण्याला आकडे मिळाले ते त्या हिशेबाने. आमची दरड सुमारे 2.4 मीटर उंच. तेवढ्या उंचीची भिंत घातली आणि तिच्यामागे पाणी माथ्यापर्यंत तुंबलं, तर नुसतं पाणीच भिंतीच्या दर मीटर लांबीला जवळपास 2.9 टनांचा रेटा देतं. मातीचा रेटा वेगळा. उंची निम्मी केली तर हा रेटा निम्मा होत नाही, चौथाई होतो. 1.2 मीटरच्या भिंतीला तो सुमारे 0.7 टनच. म्हणून एक उंच भिंत न घालता 1.2 मीटरच्या दोन घातल्या आणि दोघींच्या मध्ये 2.4 मीटरचा सपाट टप्पा सोडला. हे अंतर कमी केलं तर वरच्या भिंतीचं ओझं खालचीवर येतं, असं त्याने बजावलं होतं. परड्याची जागा गेली, याचं ह्यांना थोडं वाईट वाटलं. मला नाही वाटलं. त्या टप्प्यावर आता वाळा लावला आहे. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरतात. फणस किंवा आंबा मात्र भिंतीजवळ लावायचा नाही, खोड वाढलं की दगड सरकतात.

पायाचा चर खणणं हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग. आमच्याकडे वर जांभ्याचा कडक थर असतो आणि लोक समजतात की खाली सगळा कातळच आहे. तसं नसतं. कडक थराच्या खाली पांढरट, गुलाबी, पिवळसर अशी मऊ माती लागते. उन्हाळ्यात ती टिकावाला दाद देत नाही, म्हणून खणणाऱ्याला वाटतं पक्कं लागलं. तिच्यावर पाणी ओतून रात्रभर ठेवा आणि सकाळी अंगठा दाबा, आत जातो. उतार कापताना कडक थर कापला जातो आणि भिंतीचा पाया नेमका या मातीत येतो. खालच्या भिंतीच्या चरात एका बाजूला हीच माती निघाली. गवंड्याने विचारलं, “काकी, हंयसर पीसीसी मारून घेव काय?” मऊ मातीवर काँक्रीटचा थर मारला तरी खालची माती ओली व्हायची ती होणारच. आम्ही त्या बाजूला आणखी खाली गेलो, कडक लागेपर्यंत. मग मोठा काळा डबर हाताने एकमेकांत बसवून सोलिंग केलं, फटींत 40 एमएम खडी ठोकली. पायाची रुंदी भिंतीच्या उंचीच्या निम्मी ठेवली, साठ सेंटिमीटर.

आता दगडाचा प्रश्न. चिरा की काळा दगड? गावात चिरा स्वस्त, घरचा, आणि त्याचा रंग या मातीतलाच. घराच्या भिंतींना त्याच्यासारखा दगड नाही. खाणीतून काढताना मऊ असतो, करवतीने कापता येतो, आणि हवेवर राहिला की कडक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या इंग्रजांच्या सर्वेक्षकाने केरळात अंगडीपुरमला हा दगड विटेसारखा कापून घरं बांधताना पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव दिलं. आपले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तो कापत होते. पण चिरा सच्छिद्र आहे, पाणी ओढतो, आणि बारा महिने ओलीत राहिला की त्याची ताकद उतरते. म्हणून जमिनीखालच्या आणि मातीला चिकटून राहणाऱ्या भागाला काळा दगड घेतला. ट्रकचं भाडं जास्त पडलं. त्या खर्चाबद्दल मला आजही काही वाटत नाही. जमिनीच्या वरच्या दर्शनी थरांना मात्र चिराच लावला.

चिरा निवडायला मी स्वतः खाणीवर गेले. खाणीच्या वरच्या थरातला दगड गर्द तांबडा, लोहाने भरलेला असतो. जसजसं खाली जावं तसा तो फिकट होतो आणि त्यात पांढऱ्या मातीचे खिसे दिसायला लागतात. पावसात ते खिसे धुऊन जातात आणि चिऱ्याला भोकं पडतात. हातोडीने वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर बाजूला. आणि ताजा कापलेला लगेच लावायचा नाही, काही महिने उघड्यावर पडू द्यायचा. खाणमालकाला हे नखरे वाटले असावेत, पण दगड वेगळे काढू दिले.

रचताना आबा खुर्ची टाकून समोर बसत. त्यांनी दोन गोष्टींवर तडजोड केली नाही. प्रत्येक थर दरडीकडे किंचित झुकलेला हवा, म्हणजे भिंत वर जाताना मागे मागे जाते आणि दगडाचं वजन डोंगराकडे टाकलं जातं. आणि दर थोड्या अंतराने एक लांब दगड पुढच्या चेहऱ्यापासून मागच्यापर्यंत आरपार आडवा जायला हवा, नाहीतर पुढचा आणि मागचा पदर सुटे होतात आणि पुढचा पोट काढतो. पडलेल्या भिंतीत असा एकही दगड नव्हता.

मग खडी. भिंतीच्या पाठीला तीस सेंटिमीटर जाडीची, पायापासून जवळजवळ माथ्यापर्यंत. भिंतीला लागून मोठी, 60 एमएमची, तिच्यामागे 20 एमएमची. “भितीच्या मागे माती घालू नको गो बाय,” आबा म्हणाले, “माती पाणी पिता नि जड होता.” खडी आणि माती यांच्यामध्ये मुलाच्या आग्रहाने जिओटेक्स्टाइलचं कापड लावलं, कारण वर्षानुवर्षं बारीक माती खडीत शिरून ती बुजते. आबांनी ते कापड हातात घेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. पाणी गेलं, गाळ वर राहिला. मान हलवली. दर्शनी चिरे सिमेंटात बसवले, म्हणून त्यांच्यातून दर मीटरला चार इंची पीव्हीसी पाइप बाहेर काढले, थोडे खाली कललेले. पाइपच्या मागच्या तोंडाशी मोठे दगड, म्हणजे खडी आत येऊन तोंड बुजत नाही.

खळ्याचं ठरवायला घरात जास्त चर्चा झाली. पूर्वी दरवर्षी पाऊस सरला की खळं नव्याने करत. माती उकरायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. पावसात ती जमीन पाणी पीत असे. आता माणसं मिळत नाहीत म्हणून सगळीकडे काँक्रीटचा कोबा घालतात, जोत्याला अगदी चिकटवून. त्या कोब्यावरचं पाणी जोत्याला लागतं, खालची ओल वर यायला दुसरी वाट नसल्यामुळे चिऱ्यातून भिंतीत चढते आणि आतला गिलावा फुगून गळतो. वाडीतल्या बऱ्याच घरांत हे मी पाहिलं आहे.

आम्ही चिऱ्याच्या फरशा घातल्या, सांधे सिमेंटने न भरता. खाली वरची माती काढून मुरूम, पंधरा पंधरा सेंटिमीटरच्या थरांत, धुम्मस मारून. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये, इतपतच ओला. कोरडा मुरूम कितीही ठोका, बसत नाही. त्यावर खडी, खडीवर पाच सेंटिमीटर क्रशरची कच आणि कचेवर फरशी. खाडीची वाळू स्वस्त मिळत होती, ती घेतली नाही. तिच्यात मीठ असतं आणि ते दगडातून लोणा होऊन वर येतं. ढाळ मीटरला दोन सेंटिमीटर, घरापासून बाहेर. जोत्याच्या कडेने एक हात रुंद पट्टा नुसत्या खडीचा ठेवला, खाली पाइप टाकून. पागोळ्यांचं पाणी तिथे पडतं, शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत.

पाखाडीबद्दल, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेबद्दल, एवढंच सांगते की पायऱ्या माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांकडे पाहून केल्या. चढ पंधरा सेंटिमीटर, पाऊल ठेवायला चाळीस. वरची पायरी खालचीच्या मागच्या काठावर थोडी टेकलेली, म्हणजे एक हलली तर पुढची तिला धरते. घोटलेली फरशी कोकणात पायवाटेला लावू नये, पहिल्या शेवाळात माणूस पडतो. खडबडीत चिरा पायाला धरतो, तरी ऑगस्टमध्ये खराट्याने घासावा लागतोच.

एक गोष्ट मला या कामात बोचत राहिली. चिरेखाणी सडे खात चालल्या आहेत. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी खोदलेली कातळशिल्पं आहेत. 2022 मध्ये कोकणातली काही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रोज नवा चिरा कापत राहण्यापेक्षा जुना परत वापरणं बरं, म्हणून पडलेल्या भिंतीतले जितके चिरे सिमेंटमधून सोडवता आले तितके खळ्याच्या कडेला लावले.

पहिल्या पावसात मी पाइपांकडे लक्ष ठेवून होते. सुरुवातीला गढूळ पाणी आलं, खडीवरची धूळ धुऊन निघाली ती. नंतर ते निवळत गेलं. निवळ पाणी येत राहिलं पाहिजे. पुन्हा गढूळ झालं तर मागची माती वाहून येते आहे असं समजायचं, आणि बंद झालं तर जास्त घाबरायचं. पाऊस थांबल्यावरही पाइप दोन दिवस टिपकत होते. म्हणजे डोंगरात किती पाणी असतं बघा.

आता खालच्या पाणंदीला ग्रामपंचायत संरक्षक भिंत घालणार आहे. अंदाजपत्रकात चिरा होता, सिमेंट होतं, रंगकामसुद्धा होतं. भिंतीमागची खडी आणि पाण्याच्या नळ्या नव्हत्या. ग्रामसभेत मी ते वाचून दाखवलं आणि लेखी अर्ज दिला: रंगाचे पैसे खडीत घाला, पाया कडक लागेपर्यंत न्या, आणि चर भरण्याआधी वाडीतल्या कोणीतरी आत उतरून बघावं. आबा त्या दिवशी माझ्या शेजारी बसले होते. चर बघायला तेच येणार आहेत.