मागे राहिलेली प्रत

संहितासंशोधन शिकवताना आम्ही दरवर्षी एकनाथांपाशी रेंगाळतो. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी पाठांतरांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी शोधून शुद्ध केली आणि यापुढे तीत कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. वाचावी, पण हात लावू नये अशी प्रत! संगणकवाले तिला ‘रीड-ओन्ली’ म्हणतात, हे आम्हांला चाळिशीनंतर कळले.

विभागातल्या जुन्या बाडांची सूची आम्ही दोघांनी ‘मायएसक्यूएल’मध्ये उतरवली होती. मूळ तक्ते महाविद्यालयात, प्रती दोन उपकेंद्रांत. लिहायचे ते मुळातच. तिथला प्रत्येक बदल एका लॉगमध्ये क्रमवार नोंदला जातो. प्रती तो लॉग वाचून तोच बदल त्याच क्रमाने स्वतःवर करून घेतात. (2020 मध्ये 8.0.22 या आवृत्तीपासून ‘मास्टर-स्लेव्ह’ जाऊन ‘सोर्स-रेप्लिका’ ही नावे रूढ केली गेली. दास्य शब्दातून गेले, आज्ञाधारकपणा तेवढाच राहिला.) पोथीचा लेखनिक चुकतो, डुलकी घेतो, क्वचित शहाणपणाही करतो. ही प्रत यातले काहीच करत नाही, याचे आम्हांला केवढे कौतुक!

एका दुपारी दुबार नोंदी काढताना आमच्या हातून अट चुकली आणि तीनशेंवर नोंदी पुसल्या गेल्या. त्यांत आमच्या दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भिंगाखाली धरून लावलेल्या पुष्पिकांची वाचने होती. काही बाडे तर त्यानंतर वाळवीने संपवली होती. प्रती आहेत की, म्हणून आम्ही निर्धास्तपणे पहिल्या उपकेंद्राची प्रत उघडली. तिनेही त्या नोंदी इमानाने पुसल्या होत्या. वेगळा बॅकअप आम्ही ठेवलाच नव्हता.

दुसऱ्या उपकेंद्राची लाइन मात्र रस्त्याच्या खोदाईत दोन दिवस तुटलेली होती. आम्ही धावत फोन लावला.

“सर, आत्ताच माणूस आलाय जोडायला,” तिथले लिपिक म्हणाले.

“त्याला थांबवा. आधी आपल्या संगणकाची वायर काढा!”

नोंदी मिळाल्या. मधल्या दोन दिवसांचे काम आम्ही रात्री बसून पुन्हा केले. आता रोज बॅकअप निघतो; शिवाय प्रत ठरावीक वेळ मागे ठेवण्याची सोय असते, तिचा उपयोग करून ती प्रत आम्ही मुद्दाम एक दिवस मागे ठेवली आहे. लिपिकांचा फोन अधूनमधून येतो : “सर, कालची नोंद अजून दिसत नाही.”