दक्षिण सातारा नावाचा धाकटा

सांगली जिल्हा जन्मला तेव्हा त्याला स्वतःचं नाव नव्हतं. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सातारा जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या. थोरला 'उत्तर सातारा' झाला आणि हा 'दक्षिण सातारा'. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे थोरल्याच्या घरचे तालुके त्याच्या वाट्याला आले. बाकीचा संसार नुकत्याच विलीन झालेल्या संस्थानांचा होता. सांगली आणि मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींची. महाराष्ट्र झाला त्या १९६० सालीच त्याला सांगली हे नाव मिळालं.

इतक्या घरांतून आलेल्या माणसाचा स्वभाव एकसारखा कसा असेल? सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगवलं, ती नाटकाची ओढ त्याच्यात आहे. मिरजेत भोपळ्याच्या तुंब्याला तारा चढवून सतार-तंबोरे घडवणारी घराणी आहेत, आणि तिथंच वानलेस डॉक्टरांनी उभारलेलं इस्पितळ. कुंडलजवळच्या माळावर औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर तिथून गावोगाव गेले. त्याच कुंडलनं १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार अंगावर घेतलं. कारखाना आणि बंड एकाच शिवारात नांदले, हे या जिल्ह्याचं मला सगळ्यात आवडणारं रूप.

अंगकाठी मात्र विचित्र. पश्चिमेला शिराळ्याच्या चांदोलीत पाऊस हजारो मिलिमीटरनं मोजतात. पूर्वेला आटपाडी-जतला तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. मधून कृष्णा-वारणा वाहतात आणि त्यांच्या काठावर ऊस, साखर कारखाने, दूध संघ. सहकाराची सगळी श्रीमंती याच काळ्या पट्ट्यात साठली. पावसाळ्यात हीच कृष्णा घरात शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्यानं ५७ फूट ओलांडले. आजही पाऊस लागून राहिला की सांगलीकर एकमेकांना पहिलं विचारतो, "आयर्विनला किती फूट?"

त्याच आठवड्यात जतला टँकर चालू असू शकतो.

या कोरड्या अर्ध्या अंगाला कुणी ओसाड म्हणू नये. कोरडी हवा हेच त्याचं भांडवल झालं. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो. एवढ्यात एक अवकाळी सर आली की वर्षाची कमाई काळी पडते. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हळदीची गंमत अशी की पेठेत येणारा बराचसा माल मराठवाड्यातून, तेलंगणातून येतो. इथलं खरं धन म्हणजे पारख, पत आणि साठवण. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं निकामी केली.

आणि माणसं? विटा, खानापूर, आटपाडीकडची पोरं दुष्काळात गाव सोडून गलाईला गेली. केरळात, तमिळनाडूत, थेट उत्तरेपर्यंत सराफ बाजारात एक भट्टी, एक मूस, थोडं आम्ल, एवढ्यावर दुकान मांडायचं आणि जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. एकानं जम बसवला की भाऊ, मेहुणा, गावातला पोरगा पाठोपाठ. शेजारच्या साताऱ्यातल्या माण-खटावातूनही हीच वाट गेली. म्हणजे या बाबतीत थोरला-धाकटा वेगळे झालेच नाहीत. जत्रेला ही माणसं परत येतात, तेव्हा गावात मल्याळम-तमिळ फाडफाड बोलणारी पोरं हिंडतात. गावातली शाळा, देऊळ, दुमजली घरं यांत त्या भट्टीचा पैसा दिसतो.

म्हणूनच या जिल्ह्याच्या खानेसुमारीचा आकडा मला नेहमी अपुरा वाटतो. २००१ मध्ये लोकसंख्या २५ लाख ८३ हजार, २०११ मध्ये २८ लाख २२ हजार. दहा वर्षांत सव्वानऊ टक्के. त्याच काळात महाराष्ट्र सोळा टक्के वाढला. थोरला सातारा तर सात टक्क्यांच्याही आतच राहिला. कागदावर हे दोघे भाऊ मंद वाढणारे. पण ज्यांच्या घामावर गावं उभी राहिली, त्यातले पुष्कळजण मोजणीच्या दिवशी मूस पेटवून परगावी बसलेले असतात.

त्यांना परत आणायचं तर पाणी वर चढवायला हवं, हे वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींनी ओळखलं. अण्णा प्रतिसरकारातले लढवय्ये, हुतात्मा साखर कारखाना काढणारे, म्हणजे भरल्या नदीकाठचा माणूस. तरी त्यांनी दुष्काळी तेरा तालुक्यांची चळवळ उभी केली, आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा सारखा वाटा मागितला. ज्याच्या शेतात पाणी आहे त्यानं पाणी नसलेल्यासाठी लढावं, याला मी या जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वात मोठी गोष्ट मानतो. त्याआधी खानापूर तालुक्यात बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेतली वाळू विकून स्वतःचं बळीराजा धरण बांधून दाखवलं होतं.

पुढं टेंभू उपसा योजना आली. साताऱ्यात, कराड तालुक्यात कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं कडेगाव, खानापूर, आटपाडीला न्यायचं. थोरल्याच्या शिवारातून धाकट्याच्या माळाला. म्हैसाळ योजनेचं पाणी मिरजेकडून जतकडे निघालं. आटपाडीत डाळिंब पिकलं, पुढं ऊसही आला, आणि त्या उसाबरोबर नवी काळजी: वर चढवलेलं महागडं पाणी थोड्यांच्याच सरीत संपणार का? अण्णांचा समान वाट्याचा आग्रह इथं पुन्हा लागू पडतो.

जतच्या पूर्वेकडची कन्नड बोलणारी गावं पाण्यासाठी चिडून कर्नाटकात जाण्याची भाषा करतात, तेव्हा मुंबईत खळबळ उडते. त्यांच्यासाठी विस्तारित म्हैसाळ योजना मंजूर आहे, पासष्ट गावांची. पुढची जनगणना होईल तेव्हा मी सांगली शहराचा आकडा आधी बघणार नाही. या पासष्ट गावांतली किती घरं कुलूपबंद सापडली, ते बघेन.