रताळ्याचे काप

आमच्या घरातील वेफरची किसणी बारा गावांचे पाणी प्यालेली आहे. नागपूर, भोपाळ, हैदराबाद असा प्रवास करीत चार वर्षांपूर्वी ती माझ्या बदलीच्या हुकुमाबरोबर बंगळुरूला आली आणि कोरमंगलातील भाड्याच्या घरात ओट्याशेजारच्या खिळ्यावर विराजमान झाली. माझी कचेरी केंद्रीय सदनात. घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. अशी सोय बदलीच्या नोकरीत क्वचितच लाभते. सत्तरी ओलांडलेल्या आईला मात्र तिचे कौतुक नव्हते. "इथे मला कुणाशी बोलता येत नाही," हे तिचे पालुपद, आणि आषाढी झाली की वाईला परत जायचे, हा तिचा निश्चय.

एकादशीच्या आदल्या दिवशी तिने मला रताळी आणावयास पाठविले. तिच्या उपवासाला रताळ्याचे काप हवेतच. मंडई धुंडाळण्याचा कंटाळा म्हणून मी कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानात शिरलो. तेथे भल्या मोठ्या कढईतून केळ्याचे आणि बटाट्याचे काप डोळ्यांदेखत तळून निघत असतात. रताळ्याला कानडीत 'गेणसु' म्हणतात, एवढे ज्ञान मी संपादन केलेले होते. तो शब्द उच्चारताच दुकानदाराने पाव किलोचा पुडा बांधून दिला. घरी आईने एक काप तोंडात टाकला आणि निकाल दिला, "हे रताळे नव्हे."

तिचेच खरे होते. मला मिळाले होते ते 'मरगेणसु', म्हणजे झाडाचे रताळे, इंग्रजीतला टॅपिओका. गंमत अशी की, आपला साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वापासून होतो आणि तो बव्हंशी तामिळनाडूतील सेलमच्या परिसरातून येतो. म्हणजे आईने नाकारलेला काप तिच्या खिचडीचा सख्खा भाऊबंद! मी हे सांगितले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "असेल. पण रताळे नव्हे."

मग खरी रताळी आली. आईने ती सोलून किसणीवर पातळ काप पाडले, मिठाच्या पाण्यातून काढून पंचावर पसरले आणि कोरडे होताच मंद आचेवर थोडेथोडे तळले. रताळ्यात मुळातच साखर असल्यामुळे आच जराशी वाढली, तरी काप आतून कुरकुरीत होण्यापूर्वीच बाहेरून काळवंडतात. सैंधव आणि चिमूटभर तिखट भुरभुरले, की डबा भरला. तळाशी उरलेला चुरा दाण्याच्या कुटाबरोबर दह्यात कालवायचा. उद्यान एक्स्प्रेसने मुंबईला निघालेल्या माणसाला वाटेत हाच डबा पुरवायचा. काही रताळ्यांच्या चकत्या तुपावर परतून गुळाच्या पाकात सोडायच्या. एका कंदाचा एवढा संसार!

पुढे महिन्याभरातच तिच्या रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले. वाईचा बेत औषधोपचारासाठी लांबला आणि मी माझ्या स्वभावधर्मानुसार आकडे गोळा केले. शंभर ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात सुमारे १०० कॅलरी. तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या कापांत सुमारे ५००. रताळ्यातील पाणी कढईत निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागी तेल मुक्काम ठोकते. रताळे स्वतः गुणी आहे. त्यात चोथा आहे, पोटॅशियम आहे. नारिंगी गराच्या जातींत तर अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य विपुल असते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने 'भू सोना' नावाची अशी एक जात काढली आहे. आपल्या नेहमीच्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात मात्र ते द्रव्य नाममात्रच. तेव्हा 'उपवासाचे बाधत नाही' या समजुतीला शास्त्राचा काडीचाही आधार नाही, असे सारे मी आईला टिपण वाचून दाखवावे तसे वाचून दाखविले.

तिने वाद घातला नाही. पुढच्या एकादशीला किसणी खिळ्यावरून खाली उतरली नाही, आणि त्या दिवशी ती दुधाच्या पेल्यावरच राहिली. माझे आकडे अचूक होते; परंतु परक्या गावात तिचे म्हणून जे एवढेसे उरले होते, तेही मी काढून घेतले होते, हे मला त्या पेल्याकडे पाहताना उमगले.

संक्रांतीला खालच्या मजल्यावरील कानडी बाईंनी ताट पाठविले. एळ्ळु-बेल्ल, उसाची कांडकी, भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा आणि सालीसकट उकडलेली रताळी! "अरे, हे तर आपलेच!" आई म्हणाली आणि तिळगुळाची वाटी घेऊन खाली गेली. तासाभराने परतली, ती एक बातमी घेऊनच. रताळी बेळगावकडची होती. "म्हणजे आपल्याच हमरस्त्यावरची," तिने नकाशा पुरा केला. दुसऱ्या दिवशी ती किसणी घेऊन पुन्हा खाली उतरली. दोघींना मिळून एक भाषा येत नव्हती. पण आच केव्हा कमी करायची, हे हाताने सांगता येते.

आता एकादशीला एक लहान उकडलेले रताळे दह्याबरोबर आणि वर मूठभर काप, असा तह झाला आहे. डॉक्टरांनीही त्याला मान्यता दिली आहे. उरलेला डबा 'अज्जीं'कडून खालच्या मजल्यावर जातो.

रताळे मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते आपल्याकडे आले असे मानतात. बटाटा, मिरची आणि भुईमूगही त्याच खंडातले. आज आपल्या उपवासाच्या ताटात त्यांना कुणी मूळ गाव विचारीत नाही. शिवाय रताळ्याची लागवड बियांनी होत नाही. वेलीचे तुकडे तोडून लावायचे, भुसभुशीत माती आणि थोडे पाणी मिळाले की पेरापेरापाशी मुळे फुटतात. तुटलेपणातूनच रुजणे, हा त्याचा धर्म. बदलीच्या हुकुमावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खालच्या बाईंनी दिलेली अशी एक वेल आईने गच्चीतील कुंडीत लावली आहे. आषाढी झाली की वाईला जायचे, असे ती अजूनही दर वर्षी म्हणते. मी तिकिटाचा विषय काढीत नाही. वेलीला पाणी घालायला मात्र विसरत नाही.