तीन दिवे, दोन खाड्या

माझे गाव तिगाव. मध्य प्रदेशात, इटारसी-नागपूर रेल्वेमार्गावर, पांढुर्ण्याला लागून. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर पत्ता सांगताना छिंदवाडा म्हणावे लागे, आणि निपाणीत ते कोणालाच कळत नसे. घरात मराठी, शाळेत हिंदी, नोकरीने निपाणीला आणून सोडल्यावर कन्नड, आणि बायको धारवाडची. तेव्हा सीमाभाग म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको!

समुद्र आम्हाला दोन्ही बाजूंनी लांबच. गंमत अशी, की पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते आणि ते पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जाते. तर तिगावहून घाट चढून मुलताईला गेले की तिथे उगम पावणारी तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. पाणी दोन्हीकडे जाते, माणसे मात्र सहसा नागपूरच्या पुढे जात नसत. माझे वडीलही गेले नाहीत. ते रेल्वेत होते. सिग्नलच्या बत्त्या पुसायच्या, रॉकेल भरायचे, वाती कापायच्या आणि शिडीवर चढून बत्ती जागेवर बसवायची, हे त्यांचे काम. सिग्नलच्या हाताला लाल आणि हिरवी काच असे. त्यातली हिरवी काच हातात घेतली तर चक्क निळसर दिसायची. रॉकेलची ज्योत पिवळी, म्हणून काच निळसर ठेवायची, म्हणजे लांबून हिरवे दिसते, असे वडील सांगत. बाद झालेली अशी एक काच त्यांनी घरी आणली होती. ती आमच्या फडताळात असे.

दोन वर्षांपूर्वी मला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून राखायची, असे डॉक्टरांनी सांगितले आणि रात्रीची गाडी बंद केली. मग आमच्या सौ.ने वयाच्या बावन्नाव्या वर्षी मोटार ड्रायव्हिंगचा क्लास लावला. परवाना हातात आला त्याच आठवड्यात म्हणाली, "सारखे बत्त्यांचे सांगता. समुद्रावरची मोठी बत्ती कधी बघायची? री, मत्त यावाग नोडोदु?" तिने शाळेच्या सहलीत उडुपीकडचा कापूचा १९०१ सालचा दीपस्तंभ पाहिलेला, मी एकही नाही. (दीपस्तंभ हा शब्द कन्नडातही तोच, त्यामुळे त्यावरून आमचे भांडण होऊ शकले नाही.)

डिसेंबरात निघालो. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, रत्नागिरी. घाटात मी वळणावळणाला सूचना देत होतो. तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि "तुम्ही चालवता का?" एवढेच विचारले. त्यानंतर मी गप्प बसलो.

रत्नागिरीचा दीपस्तंभ भगवती किल्ल्याच्या, म्हणजे रत्नदुर्गाच्या डोंगरावर आहे. १८६७ सालचा. ठरावीक वेळेतच आत सोडतात, म्हणून आधी चौकशी करून जावे. वर चढल्यावर खाली सगळे रत्नागिरी आणि समुद्र दिसतो, तो सगळेच बघतात. मी बघत राहिलो दिव्याचे भिंग. एकात एक काचेच्या वळ्या, उसाच्या चरकाच्या दात्यांसारख्या. वडिलांच्या बत्तीतही अशीच वळ्यांची काच होती, तळहाताएवढी! फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची ही करामत. एकसंध जाड भिंग फार जड होते आणि उजेडही खाते, म्हणून त्याने त्याचे कडे-कडे करून कापले; १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआंच्या दीपस्तंभावर ते बसवले. इवल्या ज्योतीचा इकडेतिकडे सांडणारा उजेड एका दिशेला जमा होतो आणि मैलोगणती जातो. तिगावच्या सिग्नलला जी काच होती ती ह्याच घराण्यातली, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन जयगडला मुक्काम केला. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. किल्ला आहे, हल्ली मोठे बंदर आणि वीज केंद्रही झाले आहे. इथला दीपस्तंभ लोखंडी मनोऱ्याचा. आम्ही उतरलो त्या घराच्या अंगणातून तो झाडांवर दिसायचा. प्रत्येक दीपस्तंभाची लय वेगळी असते. किती वेळाने किती झळकायचे हे ठरलेले, आणि खलाशांच्या पुस्तकात छापलेले. अंधारात झळका मोजल्या की आपण कुठल्या किनाऱ्याला आहोत ते कळते. आता जहाजांना उपग्रह वाट दाखवतो, पण दिवे काही विझवलेले नाहीत.

जेवण झाल्यावर अंगणात खुर्च्या टाकून आम्ही दोन झळकांमधले अंतर मोजायला बसलो. हिने कन्नडातून, ओंदु, एरडु, मूरु... मी मराठीतून. आकडे जुळेनात. माझे अंतर सारखे तिच्यापेक्षा मोठे येई. ती म्हणाली, घाई नका करू. मी म्हणालो, तूच भराभरा मोजतेस. चौथ्या वेळी ती मोजायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली.

माझ्या नजरेतला डावीकडचा, वरच्या बाजूचा एक तुकडा गेला आहे. लोकांना वाटते तिथे काळे दिसत असेल. तसे नसते. तिथे काही आहे हेच कळत नाही. मी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो आणि दिवा डाव्या हाताला, उंचावर. मान जरा इकडे झाली की दिसे, जरा तिकडे झाली की झळक निघून जाई आणि मी आपला पुढचे आकडे मोजत राही. दवाखान्यातल्या यंत्रावर हे आधी कळले होते, पण ते कागदावर. हिला ते त्या अंगणात कळले, आणि खरे सांगायचे तर मलाही.

ती काही बोलली नाही. उठली आणि माझी खुर्ची धरून दिव्याकडे फिरवली. मग पुन्हा मोजले. जुळले. घरमालकीण बाई कडीला कुलूप लावायला आल्या तरी आम्ही मोजतच होतो.

सकाळी फेरीबोटीने गाडीसकट तवसाळला उतरलो. बोटीवरची पोरे "या ताई, या, या, बस्स!" करत हातवारे करतात, हिने एका दमात गाडी चढवली. पुढे हेदवीचा दशभुजा गणपती, वेळणेश्वर, गुहागर. अंजनवेलला टाळकेश्वराचे देऊळ आणि जवळच तिसरा दीपस्तंभ. तिथे पोहोचायला उशीर झाला, त्यामुळे बाहेरूनच पाहिला. पण जागा अशी, की वाशिष्ठीचे मुख, गोपाळगड आणि एन्रॉनचा तो गाजलेला वीज प्रकल्प, सगळे आसपासच. नाव दाभोळ प्रकल्प आणि जागा खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात! पलीकडच्या दाभोळला नुसते नाव मिळाले.

धोपावे ते दाभोळ ही फेरीबोट २००३ सालापासून आहे. नाहीतर खाडीला वळसा घालून चिपळूणवरून जायचे, म्हणजे अर्धा दिवस गेला. बोट सुटल्यावर मी कठड्याशी उभे राहून तिगावला धाकट्या भावाला फोन लावला आणि वडिलांची ती निळी काच अजून आहे का, विचारले.

"आहे ना दादा. एक कोपरा उडालाय फक्त."

"असू दे. पोळ्याला येतो, तेव्हा घेऊन जाईन."

"पोळ्याला ये, पण दुसऱ्या दिवशी गोटमार, रस्ते बंद असतात," तो म्हणाला. "आणि गाडी कोण चालवणार आहे?"

मी फोन हिच्या हातात दिला.