बुधवारी रात्रीचे पाहुणे

मोशीतला आमचा दुसरा फ्लॅट रोजच्या भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लोणावळा होता. शनिवार-रविवारी कुटुंबं येतील, मुलं गॅलरीत बागडतील, म्हणून भिंतीवर वारली चित्रं लावली आणि कॅरम आणून ठेवला. पण स्पाइन रोडला हवा खायला कोण येतं? आमच्याकडे येतो तो कामाचा माणूस. भोसरीत नाही तर चाकणला कुठली तरी लाइन बंद पडलेली असते आणि आपण आज रात्री मोशीत झोपणार आहोत, हे दुपारपर्यंत त्यालाही ठाऊक नसतं.

हे मला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात माझी सगळी नोकरी झाली. संध्याकाळी सहाला व्हेंडरला फोन लावून ‘सकाळच्या शिफ्टआधी माणूस हवा’ असं दरडावणारा मीच. तो माणूस बंगळुरूहून येणार की राजकोटहून, उतरणार कुठे, जेवणार काय, यातलं काहीही कधी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर तोच माणूस माझ्या दारात पाहुणा म्हणून उभा राहिला, तर मी त्याला बेफिकीर ठरवलं. नीट नियोजन करणारे लोक चार दिवस आधी बुकिंग करतात, असं माझं मत. म्हणून संध्याकाळी सातनंतर दर दीडपट केला. वर ही शिस्त लावतोय अशी स्वतःची समजूतही घातली. प्रत्यक्षात ती अडलेल्याची अडवणूक होती.

दुसरीकडे हाव अशी, की फोन वाजला की ‘हो’. रात्र रिकामी गेली म्हणजे पैसे बुडाले, हा हिशोब डोक्यात पक्का.

असाच एका बुधवारी कोईमतूरचा एक सर्व्हिस इंजिनिअर आला. बुधवारलाही कारण आहे. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे सुट्टीचे वार ठरवून दिले गेले, आणि आपल्याकडे गुरुवार आला. आजही इथल्या बऱ्याच लहान-मध्यम कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. मशीन उघडायचं, स्पिंडल बदलायचा, अलाइनमेंट करायची, तर उत्पादन बंद असताना. म्हणजे बुधवारी रात्रीपासून. साहजिकच बुधवारी संध्याकाळी माझा फोन जास्त वाजतो.

लोहगाव विमानतळावरून त्याने नऊच्या सुमाराला बुकिंग केलं. मी टीव्ही बघता बघता मंजूर केलं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी येतं आणि मधली तूट आमच्याकडच्या सोसायट्या टँकरने भरून काढतात. त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती आणि टँकरही आला नव्हता. वॉचमनने टाकी तळाला गेलेली पाहून दहाला व्हॉल्व्ह बंद केला. पाहुणा साडेदहाला आला, तोंड धुवायला नळ सोडला, नळाने हवा सोडली. मी आमच्या घरून दोन बादल्या नेऊन दिल्या आणि ‘सकाळी येईल हं’ असं ठोकून दिलं. सकाळी येईल की नाही, हे मला माहीत नव्हतं.

तो तेवढ्यावर भागवून प्लांटला गेला. रात्रभर काम करून सकाळी झोपायला परतला, तर दहा वाजता वीज गेली. कारखाने बंद म्हणून महावितरणही देखभालीची कामं गुरुवारीच काढतं. नोकरीभर हा गुरुवार मी शटडाउनच्या तक्त्यात भरत आलो, आणि त्या फ्लॅटला इन्व्हर्टर बसवायचं मला सुचलं नव्हतं. मे महिना होता. दुपारी तो बॅग घेऊन चाकणच्या एका लॉजवर निघून गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. अभिप्रायात त्याने एवढंच लिहिलं की माणसं चांगली आहेत, पाणी आणि वीज नाही. मी मात्र उत्तरात महापालिका आणि महावितरण या दोघांवर ढकलून मोकळा झालो.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. त्या रात्री चादरी बदलल्या कुणी? कामाच्या मावशी सकाळीच येतात. रात्रीच्या प्रत्येक बुकिंगला ‘हो’ मी म्हणायचो आणि जेवण अर्धवट टाकून किल्ली घेऊन सौ. जायची. बाथरूम घासणं, उशांचे अभ्रे, फ्रिजमधलं आधीच्या पाहुण्याचं उरलेलं दही, सगळं तिच्याकडे. मी पाहुण्याला लिफ्टपाशी भेटून वाय-फायचा पासवर्ड सांगायचो आणि त्याला यजमानपण म्हणायचो.

घाईत कागद राहतात, हेही शिकलो. चाकणला मशीन बसवायला आलेला एक कोरियन तंत्रज्ञ रात्री उशिरा उतरला. मी पासपोर्टचा फोटो काढला आणि झोपलो. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, हे दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारल्यावर समजलं. भरायला बसलो तर आधी आपल्या जागेची नोंदणी हवी. ती काही तासाभरात होत नाही. मुदत टळली ती टळलीच. त्यानंतर नोंदणी होईपर्यंत परदेशी पाहुण्यांना नकार दिला.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा मोशी-आळंदी बाजूचे रस्ते वळवलेले असतात. वारीच्या गावाशेजारी जन्म काढूनही ऐनवेळच्या एका पाहुण्याला ते सांगायचं विसरलो. बिचारा बॅग डोक्यावर घेऊन गर्दीतून चालत आला. त्याला गंमत वाटली, हे माझं नशीब.

सगळ्यांत जास्त सलतो तो मात्र एक नकार. आधार कार्डावर जवळपासचाच पत्ता असलेल्याला त्याच रात्रीसाठी घर द्यायचं नाही, असा माझा नियम होता. गावात घर असताना फ्लॅट कशाला हवा, पार्टी करणार असतील, हा संशय. खेड तालुक्यातल्या एका गृहस्थांना मी तसंच परतवून लावलं. त्यांनी पुन्हा फोन केला: वडील पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात भरती आहेत, आई सोबत आहे, रात्री गावी जाऊन पहाटे परत येणं तिला झेपायचं नाही. मी म्हणालो, ‘नियम आहे हो.’ तो नियम सोसायटीचा नव्हता, माझा होता. मी तो सोसायटीच्या नावावर खपवला.

आता आधी वॉचमनला फोन करून टाकीचं विचारतो. बुधवारच्या पाहुण्याला गुरुवारच्या विजेची कल्पना देतो. इन्व्हर्टरही बसवला. पत्त्याचा नियम काढून टाकला. कारण विचारतो आणि सांगितलेलं खरं मानतो. एकदा त्यात फसलोही, सकाळी गॅलरीत बाटल्या निघाल्या. सातनंतरचं बुकिंग घ्यायचं की नाही, हे सौ. ठरवते. ती नाही म्हणाली की वाद घालून पाहतो, पण फोन तिच्याच हातात असतो.

वाढीव दर काही मी अजून पूर्ण काढलेला नाही. दीडपटीवरून सव्वापटीवर आणलाय. रात्रीच्या साफसफाईचे पैसे त्यातून निघतात, हे माझं समर्थन. वरच्या पैशांतले अर्धे मी तिला देतो. परवा तिने विचारलं, ‘अहो, साफसफाई मी करते, मग उरलेले अर्धे कशाचे?’