दोन सीटची गाडी आणि मागचा हूक

"पोराने त्या लाल गाडीच्या मागे काय लावलंय?" फोटो पाहिल्यापासून घरातल्या सगळ्यांचा हा एकच प्रश्न. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो.

मुलगा अमेरिकेत, मिशिगनला असतो. त्याच्याकडे एक जुनी माझदा मियाटा आहे. १९८९ साली हे मॉडेल निघालं. दोनच सीट, उघडणारं छप्पर, वजन जेमतेम एक टन. डिकीत दोन पिशव्या ठेवल्या की संपलं! सूनबाईला दिवस गेलेत, म्हणून मोठं घर घेतलं. "ती गाडी विक आता," असं सगळ्यांनी सांगून झालं. पण पहिल्या नोकरीच्या शिलकीतून घेतलेली गाडी ती. त्याने मागे हूक बसवला आणि एक छोटा ट्रेलर आणला.

तिकडे हे नवीन नाही. हौशी मंडळी शर्यतीच्या ट्रॅकवर जाताना चार जादा टायर अशाच ट्रेलरमधून नेतात. मात्र कंपनीची पुस्तिका म्हणते, या गाडीने ट्रेलर ओढू नका. माझी झोप उडाली ती यामुळे.

आमच्या वाघोलीत दगडखाणी, त्यामुळे ओझं ओढणारी वाहनं रोज बघतो. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी नगर रस्त्यावरचे डंपर काही कमी झाले नाहीत. ते बघून एक कळतं, ओढणं सोपं, थांबवणं अवघड. छोट्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात. त्याचाही भार गाडीच्याच ब्रेकवर.

दुसरी गोष्ट तोलाची. आमचे आजोबा बैलगाडी भरताना सारखे पुढे-मागे बघायचे. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढे झालं की बैलांच्या मानेवर येतं. ट्रेलरचंही अगदी तेच! एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर हवा. दोनशे किलोचा ट्रेलर असेल तर वीस ते तीस किलो. त्याहून कमी असला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. पोराला म्हटलं, ट्रेलरचा दांडा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर टेकव आणि बघ. सतरा भरले. मग पुस्तकांची खोकी पुढे सरकवली.

हूक बंपरला नाही, खालच्या सांगाड्यालाच बोल्टने आवळलाय ना, साखळ्या आहेत ना, मागचे दिवे लागतात ना, हेही विचारून घेतलं. "बाबा, तुम्ही आरटीओत होतात का?" म्हणाला :-) (आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा 'मोटार वाहन'च आहे, हे त्याला तेव्हाच ऐकवलं.)

शेवटी ठरलं ते असं: फ्रीज, कपाटं भाड्याच्या ट्रकमधून. ट्रेलरमध्ये फक्त कपडे, पुस्तकं आणि पाळणा. सूनबाई मैत्रिणीच्या गाडीतून. आणि हा एकटा, हळू, उजव्या लेनने. आठ मैलांच्या तीन फेऱ्या झाल्या, त्या तिन्ही वेळा मी इथे जागा होतो.

आता ट्रेलर विकायला काढलाय. बाळ आल्यावर मागची सीट असलेली गाडी लागणार, हे त्यालाही कळतं. मियाटाचं काय करायचं ते दोघं ठरवतील. होणाऱ्या आजोबांनी त्यात तोंड घालू नये.

असो. पाळणा मात्र छान बसलाय नव्या खोलीत.